हातातील यंत्राची बिनतारी जोडणी

गोदामात पोती मोजणाऱ्या माणसाच्या हाती आता वही-पेन्सिलीच्या जागी पुष्कळ ठिकाणी एक लहानसे यंत्र असते. बारकोडवर त्याचा प्रकाश पडला की मालाचे नाव पडद्यावर उमटते आणि नोंद कार्यालयातील संगणकाकडे रवाना होते. ही नोंद तारेवाचून जाते. ती वाटेत हरवली, तर संध्याकाळच्या तुटीचा जाब यंत्राला कोणी विचारीत नाही. तो विचारला जातो यंत्र धरणाऱ्या मजुराला. म्हणून या जोडणीचे मर्म कारकुनाइतकेच हमालालाही ठाऊक असणे इष्ट होय.

कल्पना तशी जुनी आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे बिनतारी लहरींनी संगणकाशी जोडली. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, आणि दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळले तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, अशी त्यांची रीत होती. वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ मध्ये ठरले. ते अधिक सभ्य आहे. वाट मोकळी आहे की नाही हे आधी ऐकून मगच ते बोलते. आपल्या सभासंमेलनांतून हा नियम अद्याप रुळलेला नाही, ही गोष्ट निराळी!

जोडणी करताना यंत्राला प्रथम जाळ्याचे नाव सांगावे लागते. इंग्रजी अक्षरांतील लहान-मोठा भेद येथे चालत नाही; एक अक्षर चुकले तरी यंत्राच्या लेखी ते जाळेच निराळे. यानंतर कुलूप. १९९७ च्या प्रमाणातील ‘वेप’ नावाचे कुलूप २००१ साली तज्ज्ञांनी फोडून दाखविले. तरीही जुने यंत्र दुसरे काही जाणत नाही म्हणून ते चालू ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. ‘डब्ल्यूपीए-२’ हे २००४ चे आणि ‘डब्ल्यूपीए-३’ हे २०१८ चे. यांपैकी एक असावे, आणि परवलीचा शब्द लांब असावा.

मोठ्या संस्थांत परवलीच्या शब्दाऐवजी प्रमाणपत्राची पद्धत असते, आणि येथे एक गमतीचा घोटाळा उद्‌भवतो. प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरची तारीख असते. यंत्राची विद्युत्‌घटी पूर्ण उतरली की काही यंत्रांतील घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही असे यंत्राला वाटते, आणि ते जोडणी नाकारते. नाव बरोबर, कुलूप बरोबर, तरी दार बंद! अशा वेळी तासन्‌तास इतर खटपटी करण्याआधी पडद्यावरची तारीख पाहावी.

प्रदेशाची निवडही अशीच फसवी आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात भारतात तेरा वाहिन्या चालतात. अमेरिकेसाठी बांधलेले यंत्र सहसा अकरांपुढे पाहत नाही. गोदामातील प्रक्षेपक तेराव्या वाहिनीवर असेल, तर यंत्राला तो दिसणारच नाही. शेजारी-शेजारी प्रक्षेपक असल्यास १, ६ आणि ११ या वाहिन्या वापरणे बरे, कारण त्या एकमेकींवर चढत नाहीत.

याखेरीज मालाचाच अडथळा असतो. या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. लोखंडी मांडणी त्यांना परतविते आणि पाणी त्यांना शोषून घेते. त्यामुळे रिकाम्या गोदामात उत्तम चाललेली जोडणी हंगामात, ओलसर पोत्यांची थप्पी छताला भिडली, की लंगडू लागते. परीक्षा भरलेल्या गोदामातच घ्यावी, आणि ती चालता-चालता घ्यावी. कित्येक यंत्रे जवळ नवा प्रक्षेपक आला तरी दूरच्या जुन्यालाच चिकटून राहतात. किती क्षीण लहरीवर त्याला सोडावे, हे काही यंत्रांत ठरवून देता येते.

पडद्यावरच्या उभ्या रेघा मात्र केवळ लहरींचे बळ दाखवितात. नोंद संगणकापर्यंत पोहोचली, याची खूण संगणकाकडून परत येणाऱ्या पोचेतच असते. ती पडद्यावर दिसेपर्यंत पुढच्या पोत्याला हात लावू नये.