गुडघा म्हणजे टायर नव्हे

साठी उलटलेल्या माणसानं पाठीला सॅक लावून सोसायटीच्या फाटकाबाहेर पडून बघावं. वॉचमनपासून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळे एकाएकी अस्थिरोगतज्ज्ञ होतात. "या वयात सिंहगड? गुडघे जपा हो, उरलेत तेवढेच!" परवा एका लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या गृहस्थांनी तर हिशेबच मांडला. टायर ठरावीक किलोमीटर चालतं, गुडघ्याचंही तसंच. गडावर घासले की लवकर संपणार. हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता एकदाच लिहून टाकतो.

गैरसमज : गड चढून गुडघे झिजतात.

वस्तुस्थिती : टायर, वंगण, गॅप, गादी... गुडघ्याबद्दल बोलताना आपण सगळे शब्द गॅरेजमधून आणतो आणि घोळ तिथेच होतो. टायर निर्जीव असतं. गुडघ्यातली कूर्चा जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टेकलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की द्रव आत शोषून घेते. चालणं हे तिचं जेवण आहे. "जपून वापरा" म्हणणारे तिला उपाशी ठेवायला सांगत असतात.

पुरावा हवा? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या रहिवाशांवरचा एक अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ५३ वर्षं वयाच्या १,२७९ जणांच्या गुडघ्यांवर सुमारे नऊ वर्षं लक्ष ठेवलं. हौसेनं चालणाऱ्या-धावणाऱ्यांत गुडघ्याचा झिजेचा संधिवात इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. वजन जास्त असलेल्यांतही नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न : "मग डोक्यावर मोळ्या वाहून ज्यांचे गुडघे गेले, त्या बायकांचं काय?" प्रश्न रास्त आहे. याच फ्रॅमिंगहॅममध्ये १९९१ साली दिसलं होतं, की ज्यांच्या नोकरीत सतत गुडघे मुडपणं आणि अंगमेहनत होती, त्या पुरुषांत हा आजार जास्त होता. रोज, वर्षानुवर्षं, ओझ्यासकट आणि विश्रांतीशिवाय केलेले कष्ट वेगळे. रविवारी पाण्याची बाटली घेऊन चढलेला गड वेगळा. जुनी दुखापत आणि वाढलेलं वजन हेही खरे शत्रू आहेत. वजनदार आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांच्या एका अभ्यासात (२००५) एक किलो वजन उतरलं, की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला दिसला.

"पण सिंहगड करून आलो की दुखतंच ना?" दुखतं. कारण चढण नाही, उतरण. आतकरवाडीच्या वाटेनं सुमारे ६०० मीटर उतरायचं, म्हणजे दोनशे मजल्यांचा जिना. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. सवय नसलेला स्नायू लवकर दमतो आणि मग दर पायरीचा धक्का थेट गुडघ्याला बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, ते याच ब्रेकमुळे स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. बिचाऱ्या लॅक्टिक ॲसिडचा त्यात दोष नाही. ते तासाभरात निघून जातं. दोन काठ्या घेतल्या तर तीव्र उतारावर गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी होतो, असं १९९९च्या एका प्रयोगात मोजलं गेलंय. काठी धरली म्हणून कोणी म्हातारं होत नाही.

गैरसमज : या वयात स्नायू वाढत नाहीत.

वस्तुस्थिती : १९९०मध्ये बोस्टनमधल्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. सरासरी वय ९०! व्यायाम पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायूही भरला. तुम्ही तर अजून सत्तरीतही नाही.

गैरसमज : रोज तासभर बागेत फिरतो, पुरे झालं.

वस्तुस्थिती : हृदयाला उत्तम, मांडीला अपुरं. जागतिक आरोग्य संघटना (२०२०) पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या हालचालीबरोबरच तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही करायला सांगते. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं आणि पायरीवरून अगदी सावकाश एक पाऊल खाली टेकवणं. यातला शेवटचा व्यायाम गड उतरण्याची खरी तालीम. मी पर्वतीच्या पायऱ्यांवर चढायला जितका वेळ घेतो, त्याहून जास्त उतरायला घेतो.

आता किरकोळ गैरसमज भराभर :

गुडघा कटकट वाजतो : दुखत नसेल, सुजत नसेल तर वाजू द्या.

एक्स-रेमध्ये गॅप कमी दिसला, चालणं बंद : एक्स-रे आणि वेदना यांचं गणित अनेकदा जुळत नाही. अशा संधिवातावर व्यायाम हाच पहिला उपचार मानतात.

ग्लुकोसामाइननं गादी भरून येते : ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०२२ची मार्गदर्शिका डॉक्टरांना स्पष्ट सांगते, ते देऊ नका.

 

तहान लागली की पाणी पिऊ : वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. आधीच प्या.

सांधा सुजला, अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला, चढताना छातीत दडपलं, तर मात्र लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

त्या लग्नातल्या गृहस्थांना यातलं निम्मंही सांगून झालं नव्हतं, तेवढ्यात मठ्ठा आला आणि विषय संपला. जेवण आटोपल्यावर ते उठले, ते दोन्ही हात टेबलावर टेकवून, "आई गं" म्हणत. गुडघे त्यांनी पन्नाशीपासूनच जपून ठेवले होते.