कारखाना गेला, मोटार राहिली

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन या गावात सप्टेंबर १९७९ मध्ये एमजी मोटारींच्या कारखान्याचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला. उत्सवाची धामधूम ओसरते न ओसरते तोच कारखाना बंद करण्याचा निर्णय ब्रिटिश लेलँड या मालक कंपनीने जाहीर केला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये तेथून अखेरची गाडी बाहेर पडली. ती ‘एमजीबी’ होती. अठरा वर्षांत या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. पुढे एमजी हे नावही चिनी मालकीचे झाले. परंतु १९६२ साली बाजारात आलेली ही छोटेखानी स्पोर्ट्‌स मोटार ब्रिटनच्या रस्त्यांवर अद्याप दिसते, आणि एकच गाडी तीस-चाळीस वर्षे सांभाळणारे मालकही तेथे आढळतात. या निष्ठेची श्रीमंती छंद म्हणून बोळवण करणे सोपे आहे. पण तिच्यात एक सार्वजनिक प्रश्न दडलेला आहे.

एमजीबी ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हती. मध्यमवर्गीय तरुणाला परवडावी म्हणून तिचे बहुतेक यंत्रभाग साध्या कौटुंबिक मोटारींतून घेतलेले होते. तिचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या ‘बी सीरिज’ घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आपल्याकडील अ‍ॅम्बॅसडरमध्ये कित्येक वर्षे बसविले जात होते. सरकारी अ‍ॅम्बॅसडर दुरुस्त करण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या मिस्त्रींना एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर फारसे परके वाटणार नाही.

अशी गाडी बाळगणे मात्र सुखासुखी होत नाही. तिचा खरा वैरी गंज. एमजीबीला वेगळी चासी नाही. सारा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो आणि त्यात दारांखालच्या पोकळ पट्ट्यांचा वाटा मोठा. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. ते ओलाव्याबरोबर या पोकळीत शिरते आणि पत्रा आतून पोखरतो. बाहेरून रंग लखलखीत आणि आत चाळण, असा अनुभव अनेक खरेदीदारांनी घेतला आहे. याशिवाय पुढच्या किंगपिनना वेळच्या वेळी ग्रीस भरावे लागते, जोड-कार्ब्युरेटरमधील तेल पाहावे लागते. गाडी नुसती झाकून ठेवली तर रबर कडक होते, ब्रेक अडकतात. म्हणून तिला अधूनमधून चालविणे हाही देखभालीचाच भाग ठरतो. एवढे करून संपूर्ण दुरुस्तीला लागलेला पैसा विक्रीच्या किमतीतून क्वचितच परत मिळतो.

तरीही या गाड्या टिकल्या, याचे श्रेय केवळ मालकांच्या चिकाटीला देता येणार नाही. साध्या पान्यांनी उघडता येईल अशी तिची रचना आहे आणि तिची दुरुस्ती-पुस्तिका कोणालाही विकत मिळते. एमजी कार क्लब १९३० पासून, तर एमजी ओनर्स क्लब १९७३ पासून माहितीची देवाणघेवाण करीत आले आहेत. ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने तर मूळचे साचे मिळवून १९८८ मध्ये एमजीबीचे कोरे सांगाडेच पुन्हा बनविण्यास आरंभ केला. कारखाना बंद पडून आठ वर्षे झाली असताना गाडीला नवे शरीर मिळू लागले!

बदलत्या इंधनाचे संकटही या मालकांनी पेलले. ब्रिटनमध्ये २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली, तेव्हा अनेकांनी इंजिनातील व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या करून घेतल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल आले, तेव्हा जुन्या रबरी नळ्या बदलाव्या लागल्या. जुन्या मोटारी धूर अधिक सोडतात, हा आक्षेप खरा आहे व तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या वर्षाकाठी थोड्याच धावतात. शिवाय चालती गाडी मोडीत काढून नवी घडविण्यासाठी लागणारे पोलाद आणि ऊर्जा यांचा हिशेबही मांडावयास हवा. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या व मूलतः न बदललेल्या मोटारींना ब्रिटिश सरकारने २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट दिली आहे. पण गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते.

चिंता वाटते ती आजच्या मोटारींविषयी. त्यांचे इंजिन, ब्रेक, कुलपेदेखील संगणकाच्या आज्ञेवर चालतात आणि त्या आज्ञावलीची किल्ली उत्पादकाच्या हाती असते. अशी कंपनी उद्या अ‍ॅबिंग्डनच्या वाटेने गेली तर मालकाने काय करावयाचे? भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश केला होता. हा हक्क बंधनकारक व्हावयास हवा. उत्पादन थांबविणाऱ्या कंपनीने सुटे भाग ठराविक काळ पुरवावेत आणि त्यानंतर आराखडे व आज्ञावली इतरांना खुली करावी, एवढी अट घालणे अवाजवी नाही. एमजीबीच्या मालकांना जे परिस्थितीने मिळाले, ते पुढील पिढीतील साध्या मोटारमालकाला कायद्यानेच मिळवून द्यावे लागेल.