वाए रेबो
वाए रेबो हे इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतातील फ्लोरेस बेटावर, मांगाराई जिल्ह्यात वसलेले डोंगरी खेडे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील या गावात मोटार पोहोचत नाही. रानवाट चढून जावे लागते.

गावाची ओळख म्हणजे ‘म्बारू नियांग’ ही सात शंक्वाकृती घरे. छप्पर जवळजवळ जमिनीस टेकलेले असून आत पाच मजले असतात: तळाशी वस्ती, त्यावर धान्य व सामान, तिसऱ्यावर बियाणे, चौथ्यावर दुष्काळासाठी राखीव अन्न आणि अगदी वर पूर्वजांचा नैवेद्य. लाकडी सांगाडा खिळ्यांऐवजी वेताने बांधतात.

एकेकाळी यांपैकी चारच घरे उरली होती. बांधणीची विद्या केवळ वृद्धांपाशी असल्याने ती त्यांच्याबरोबरच लुप्त होण्याची भीती होती. वास्तुविशारद योरी अंतार यांच्या साहाय्याने गावकऱ्यांनी जुनी घरे उलगडून रचना समजून घेतली व गावात पुन्हा सात घरे उभी राहिली. या कार्यास २०१२ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान मिळाला.

कॉफी हे येथील मुख्य पीक होय. नोव्हेंबरात ‘पेंती’ हा कृतज्ञतेचा उत्सव साजरा होतो. मांगाराई प्रदेशात अन्यत्र, विशेषतः चांचार येथे, कोळ्याच्या जाळ्यासारखी आखलेली ‘लिंगको’ भातशेते आढळतात.