हिरव्या टोपीचा शिरस्ता

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनासाठी धाराशिव जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या आवारात राष्ट्रीय छात्रसेनेची कवायत चालू होती, आणि मैदानाच्या कडेला नव्याने भरती झालेली मुले आपापल्या बेरेट टोप्यांना आकार देण्यात गढून गेली होती.

भांडारातून हाती येते तेव्हा ही टोपी म्हणजे एक ढिली लोकरी चकती असते. ती कोमट पाण्यात भिजवून, निथळवून, ओली असतानाच डोक्यावर चढवितात. काठाची पट्टी भुवयांच्या वर दोन बोटे आणि कपाळाला समांतर बसली, की डाव्या डोळ्यावरचा बोधचिन्हाचा भाग ताठ उभा करून उरलेला सारा घेर उजव्या कानाकडे ओढतात व तळहाताने दाबून तिथल्या सुरकुत्या मोडतात. मागची नाडी कसून तिची टोके पट्टीत दडवितात, वर आलेली लव दाढीच्या पात्याने अलगद उतरवितात, आणि टोपी डोक्यावरच सुकू देतात. "पट्टी सरळ घे रं, मागं सरकतीय," असे म्हणत एक ज्येष्ठ छात्र प्रत्येकाच्या कपाळाशी बोट लावून पाहत होता. लाल तुरा त्याच्या पसंतीनंतरच चढे.

या टोपीचे दंडक कडक आहेत. डोके उघडे असता सॅल्यूट करावयाचा नाही, केवळ सावधान उभे राहावयाचे. कारण सॅल्यूटचा मान समोरच्या व्यक्तीला नसून तिच्याकडे राष्ट्राने सोपविलेल्या अधिकाराला असतो, आणि तो मान देणाऱ्यानेही पूर्ण गणवेशात असले पाहिजे. शीख छात्र मात्र पगडीच बांधतो व बोधचिन्ह तिच्या दर्शनी भागी लावतो. एकरूपतेच्या आग्रहातही श्रद्धेचा आदर राखणारी ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

या मुलखात शिरोवेष्टनाने माणसामाणसांतील अंतर दीर्घकाळ जाहीर केले आहे. हैदराबादच्या निजामाच्या दरबारी दस्तार (पगडी) आणि बगलूस (कमरपट्टा) यांवाचून हजर होता येत नसे. गावात पागोटे, मुंडासे व रुमाल यांवरून माणसाची जात आणि ऐपत दुरूनच ओळखली जाई. छात्रसेनेची स्थापना जुलै १९४८ मध्ये झाली, तेव्हा हा जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या अंमलाखाली होता. पुढे दोन महिन्यांच्या आत, १३ सप्टेंबरला, भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने आत शिरली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ साली निघाला. आज त्या मैदानावर केसांचा अंबाडा घट्ट बांधून तीच टोपी त्याच कोनात घालणाऱ्या मुली मुलांच्या शेजारच्या रांगेत उभ्या होत्या.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांची पागोटी एकमेकांपासून निराळी असणे हाच गावचा रिवाज होता, त्यांची नातवंडे-पतवंडे आता एकाच मापाने पट्टी बसवितात, आणि टोपी वाकडी झाली तर कोणाचाही मुलगा कोणाच्याही मुलाची टोपी हाताने सरळ करतो. समता ही केवळ घटनेच्या कलमांतून अंगी बाणत नाही. तिला रोजच्या सवयीची जोड लागते. छात्रसेनेच्या 'एकता आणि अनुशासन' या ब्रीदातील दोन्ही शब्द टोपीच्या या साध्या शिस्तीत एकत्र नांदतात, म्हणूनच तिच्यात तसूभरही ढिलाई होता कामा नये.