युद्धकाळातील स्थानबद्धता छावण्या आणि आपला धर्मप्रांत

युद्ध सुरू झाले की शत्रुराष्ट्राच्या सैनिकांबरोबरच त्या देशाचे सामान्य नागरिकही संशयाच्या छायेत येतात. कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नसताना, केवळ राष्ट्रीयत्वामुळे त्यांना एका ठिकाणी डांबून ठेवणे म्हणजे स्थानबद्धता. ब्रिटिश साम्राज्याने विसाव्या शतकात अशा छावण्या जगभर उभारल्या. त्यांपैकी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि देवळाली ही दोन ठिकाणे आज आपल्याच नाशिक धर्मप्रांतात आहेत, हे खापर व सातपुडा परिसरातील अनेक भाविकांना कदाचित ठाऊक नसेल.

बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) ब्रिटिशांनी दक्षिण आफ्रिकेतील बोअर कुटुंबांना छावण्यांत कोंडले. तेथे २६ हजारांहून अधिक स्त्रिया व मुले रोगराईने आणि उपासमारीने मरण पावली. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र छावण्यांतही हजारोंनी प्राण गमावले. त्याच काळात पकडलेल्या बोअर सैनिकांना समुद्रापार हलवण्यात आले व त्यांतील काही अहमदनगरला ठेवण्यात आले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ही पद्धत साम्राज्यभर पसरली. आइल ऑफ मॅन बेटावरील नॉकालो, ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळचे होल्सवर्दी, दक्षिण आफ्रिकेतील फोर्ट नेपियर ही त्यातील काही नावे. कॅनडाने साडेआठ हजारांहून अधिक लोकांना स्थानबद्ध केले. त्यांत युक्रेनियन स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. भारतातील प्रमुख छावणी अहमदनगरच्या लष्करी बराकींमध्ये होती. व्यापारी, खलाशी, अभियंते यांच्याबरोबर मिशनरीही तेथे बंदिस्त झाले.

धर्मसभेवरील आघात

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई-पुणे मिशनची धुरा जर्मन येशूसंघीयांकडे होती. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मध्ये त्यांनीच स्थापन केले. अहमदनगर जिल्ह्यातील गावोगावीही त्यांनी श्रद्धेचे बीज पेरले. युद्धामुळे हेच सेवक ‘शत्रू’ ठरले. काहींना स्थानबद्ध करण्यात आले, तर १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ या जहाजाने अनेक जर्मन मिशनऱ्यांना मायदेशी पाठवण्यात आले. पुण्याचे महागुरुस्वामी हेन्री डोरिंग यांना अनेक वर्षे आपल्या धर्मप्रांतापासून दूर राहावे लागले. १९२१ मध्ये त्यांच्यावर जपानमधील हिरोशिमाची जबाबदारी सोपवण्यात आली. १९२७ मध्ये ते पुण्याला परतले आणि १९४८ पर्यंत त्यांनी आपल्या कळपाची सेवा केली. मुंबई मिशनची जबाबदारी मात्र युद्धानंतर स्पेनमधील येशूसंघीयांनी स्वीकारली.

परमगुरुस्वामी बेनेडिक्ट पंधरावे यांनी या काळात कैद्यांची चौकशी व अदलाबदल यांसाठी अथक प्रयत्न केले. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी भारतातील छावण्यांना भेट देऊन तेथील स्थितीचा अहवाल दिला.

पुन्हा तीच वाट

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर अहमदनगरची छावणी पुन्हा भरली. १९४१ मध्ये बंदिवानांना प्रथम देवळालीला व नंतर डेहराडूनला हलवण्यात आले. हिटलरच्या छळातून निसटून आलेल्या काही ज्यू निर्वासितांनाही, ते जर्मन नागरिक असल्याच्या कारणावरून, आरंभी अटक झाली. नियमाने कागद पाहिला, माणूस पाहिला नाही. आपल्या देशाचा इतिहासही यापासून सर्वस्वी मुक्त नाही. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले होते.

राष्ट्राची सुरक्षितता महत्त्वाची आहेच. परंतु एखाद्याचा देश, वंश वा भाषा पाहून त्याला दोषी ठरवणे हा न्याय नव्हे. ज्या धर्मगुरूंनी आपल्या पूर्वजांना बाप्तिस्मा दिला, तेही एके काळी असेच संशयित ठरले होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू बंदिवानाशी व परक्याशी स्वतःची एकरूपता सांगतो. आपल्या गावात बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहताना त्या शिकवणीचे स्मरण ठेवू या आणि आजही जगभर विनाचौकशी बंदिवासात असलेल्यांसाठी प्रार्थना करू या.