गरुडाच्या नावावर दीडशे दिवसांची थाप

गेल्या वर्षभरात गरुडाची गोष्ट मी सात वेळा ऐकली. दोनदा निरोप समारंभात, एकदा भाच्याच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, एकदा चक्क बारशाला आणि उरलेल्या वेळा मोबाइलवर, 'शुभ सकाळ'च्या फुलांसोबत. तुम्हालाही ती पाठ असणार. गरुड म्हणे सत्तर वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नख्या बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो उंच कड्यावर जाऊन बसतो, दगडावर आपटून चोच तोडून टाकतो. नवी चोच आली की तिनं नख्या उपटतो, नव्या नख्या आल्या की पिसं उपटतो आणि 150 दिवसांच्या या तपश्चर्येनंतर पुढची तीस वर्षं झोकात जगतो. इथं वक्ता आवाज चढवतो, ''आहे का तुमची तयारी?'' टाळ्या!

हे पाच महिने तो गरुड खातो काय, एवढा साधा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानंही विचारलेला मी ऐकलेला नाही. चोचीशिवाय भक्ष्य फाडता येत नाही, नख्यांशिवाय पकडता येत नाही, पिसांशिवाय त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही. शिकारी पक्ष्याला इतका उपास झेपत नाही. तो काही आठवड्यांतच मरतो.

आधी चोच कशाची असते ते बघू. आत जबड्याचं हाड असतं आणि त्यावर केराटिनचं कवच. आपली नखं आणि गाईची शिंगं ज्या पदार्थाची, तोच हा. कवच आयुष्यभर वाढत राहतं आणि वापरानं झिजत राहतं. खिडकीच्या गजावर बसलेला कावळा चोच एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं पुसतो ना, त्यात साफसफाई होते आणि थोडी कानसही लागते. डागडुजी ही अशी रोजची असते. टोकाचं कवच मोडलं तर ते भरून येतं; आतलं हाड मोडलं तर ते परत येत नाही. पोल्ट्रीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. पिल्लांनी एकमेकांना टोचू नये म्हणून तिथं चोचीचं टोक छाटतात, त्याला 'डीबीकिंग' म्हणतात. छाटताना हात जरा जास्त आत गेला, तर ते पिल्लू खाद्य नीट उचलू शकत नाही आणि वजनात मागं पडतं.

चोच गमावलेल्या खऱ्या गरुडाचं काय होतं, तेही माहीत आहे. 2005 मध्ये अलास्कात एका मादीची वरची चोच गोळीनं उडाली. ती कचऱ्याच्या डेपोवर सापडली तेव्हा उपासमारीनं खंगली होती. पुढं 'ब्यूटी' या नावानं ती जगभर प्रसिद्ध झाली. तिला ना खाता येत होतं, ना पिसं साफ करता येत होती. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या केंद्रात माणसांनी तिला हातानं भरवलं आणि अखेर तिच्यासाठी कृत्रिम चोच बनवावी लागली. दीडशे दिवस कड्यावर बस, असा सल्ला तिला कुणी दिला नाही.

पिसं मात्र गळतात आणि नवी येतात, सगळ्याच पक्ष्यांची. पण गरुड ती उपटत नाही. पंखांतली मोठी पिसं थोडी थोडी, दोन्ही बाजूंना साधारण सारखी गळतात, म्हणजे तोल राहतो आणि शिकार चालू राहते. मोठ्या गरुडांना सगळी पिसं बदलायला वर्षाहून जास्त काळ लागतो. उडायची सगळी पिसं एकदम टाकणारे पक्षीही आहेत, उदाहरणार्थ बरीचशी बदकं. पण ती त्या काही आठवड्यांत पाण्यात राहतात. तिथं खायला मिळतं आणि लपताही येतं.

आता ती सत्तर वर्षं. या फॉरवर्डमध्ये फोटो असतो तो पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाचा. हा पक्षी भारतात नाहीच. आपल्याकडं सह्याद्रीत सर्पगरुड आहे, कोकण किनाऱ्यावर समुद्र गरुड आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'नं समुद्र गरुडाच्या घरट्यांच्या नोंदी केल्या आहेत, पण त्याचा फोटो कुणी लावत नाही. असो. अमेरिकेत पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालून नोंद ठेवतात. त्यांच्या नोंदींतला सर्वांत वयस्क रानटी पांढऱ्या डोक्याचा गरुड किमान 38 वर्षांचा होता. 1977 मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याला कडी घातली आणि 2015 मध्ये तो गाडीच्या धडकेनं मेला. पिंजऱ्यात, आयतं खाऊन, गरुड याहून जास्त जगतात. पण रानातला हा विक्रमवीरसुद्धा चोच फोडायच्या वयाला पोचला नाही!

ही थाप आजची नाही, याचं मला थोडं कौतुकही वाटतं. म्हातारपणी गरुडाची वरची चोच वाढत वाकडी होते आणि तो उपाशी मरतो, असं अॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलं आहे. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची चोच खरोखरच जास्त वाढते आणि पाळणाऱ्याला ती कापावी लागते, त्यामुळं त्याच्यावर मी फारसा रागावत नाही. बायबलच्या 103व्या स्तोत्रात गरुडासारखं तारुण्य परत येण्याचा उल्लेख आहे. त्यावर भाष्य करताना संत ऑगस्टीननं (354–430) वाढलेली चोच खडकावर आपटून तोडणारा गरुड आणला. म्हणजे सोळाशे वर्षं हा फॉरवर्ड फिरतो आहे. मधल्या कुणीतरी त्याला दिवसांचा हिशेब जोडला, कारण आकडा असला की माणसं विश्वास ठेवतात.

''गोष्ट खोटी असेल हो, पण प्रेरणा तर मिळते ना?'' असं मला हमखास ऐकवतात. मिळत असेल. मग त्या प्राण्याला दुसरं काहीतरी नाव द्या.

याच वक्त्यांच्या पोतडीत आणखी बरंच असतं. गरुड मेलेलं खात नाही, म्हणे. बिकानेरजवळ जोरबीडला मेलेली गुरं टाकतात, तिथं हिवाळ्यात जाऊन पाहा; गिधाडांच्या पंगतीला गरुड बसलेले दिसतील. पाठीवर बसलेल्या कावळ्याला गरुड उंच नेतो आणि प्राणवायूअभावी कावळा पडतो, म्हणे. कावळ्याच्याच कुळातला पिवळ्या चोचीचा एक पक्षी एव्हरेस्टवर 8,200 मीटर उंचीपर्यंत गिर्यारोहकांच्या मागं गेलेला आहे. चित्रपटातल्या गरुडाची ती काळीज चिरणारी किंकाळी बहुधा एका ससाण्यासारख्या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची असते. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचा स्वतःचा आवाज अगदीच किरटा. आणि हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बसून मरणारा तो बेडूक! 1869 मध्ये गोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं हे करून पाहिलं. बसून राहिला तो मेंदू काढलेला बेडूक. मेंदू शाबूत असलेला बेडूक पाणी तापू लागताच सुटायची धडपड करू लागला.

राहिली ती पिल्लांना उडायला शिकवण्यासाठी घरट्यातला मऊ बिछाना काढून टाकणारी गरुडमाता. पिल्लं घरट्यातच पंख फडफडवून ताकद कमावतात आणि आपण होऊन उडतात. घरट्यात खरं काय चालतं, ते आफ्रिकेतल्या काळ्या गरुडावरून कळतं. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि ती काही दिवसांच्या अंतरानं फुटतात. झिंबाब्वेतल्या माटोबो टेकड्यांत व्हॅलरी गार्गेट यांनी अशाच एका घरट्यावर नजर ठेवली होती. तीन दिवसांत थोरल्या पिल्लानं धाकट्यावर 38 वेळा हल्ला केला आणि 1,569 टोची मारल्या. धाकटं मेलं. घरट्यात खायला कमी नव्हतं, आणि या गरुडांत आईबाप मधे पडत नाहीत. निरोप समारंभात ही गोष्ट मी अजून ऐकलेली नाही.