श्लोकांखालचा तेलाचा हिशोब

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला लोक जातात ते नवसाला, यात्रेला, नाहीतर पावसाळ्यात डोंगर हिरवे झाले की भटकायला. याच देवळातला एक शिलालेख मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि 1865 मध्ये त्याबद्दल लिहिलं. गणिती भास्कराचार्यांचं अख्खं घराणंच त्या दगडावर सापडलं.

खानदेशात लेख कोरले जात होते ते या दगडाच्याही आधीपासून. वाघळीचा लेख शके 991 चा, म्हणजे 1069 चा. यादव सेउणचंद्राच्या काळातल्या गोविंदराज या मौर्य सरदाराचा. त्यात शंकराचं देऊळ आणि त्याला दिलेलं दान, असा नेहमीचा मामला. पाटण्याच्या लेखात मात्र दान आहे ते शिकण्या-शिकवण्याला.

हा लेख शके 1128 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ काढला. त्या मुलखाचा अधिपती निकुंभ घराण्यातला सोइदेव. त्यानं मठाला दान दिलं श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर. ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्यांना ग्रहणाच्याच दिवशी दक्षिणा! ते कधी लागणार हे त्यांनी आधीच मांडून ठेवलं असणार.

वरच्या संस्कृत श्लोकांत त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ आहे. चांगदेवाचे वडील लक्ष्मीधर. त्यांना यादव राजा जैत्रपालानं ‘या नगरातून’ बोलावून नेलं, असं तिथं लिहिलंय. भास्कराचार्य मूळचे पाटण्याचे की विजापूरकडचे, या वादात पाटण्याची बाजू घेणारे याच शब्दांवर बोट ठेवतात. पण मुलगा जिथून दरबारी गेला तिथंच बापाचा जन्म झाला, असं काही त्यातून सिद्ध होत नाही.

मला त्या श्लोकांपेक्षा शेवटच्या ओळी जास्त आवडतात. त्या मराठीत आहेत. पाटण्याच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारी पट्टी मठाला दिली. तेल्याच्या घाण्यामागे तेल दिलं. मोजायचं ते मठाच्याच मापानं. स्तुती संस्कृतात आणि वसुली मराठीत, हे मला फार व्यवहारी वाटतं. ज्या तेल्यानं तेल घालायचं, त्याला कळेल अशी भाषा नको?

पुढं शके 1144 मध्ये गिरणाकाठच्या बहाळला याच घराण्यानं पुन्हा दगड कोरला. भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती, त्याचा नातू अनंतदेव; त्यानं भवानीचं देऊळ बांधलं. तोही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी, शिवाय वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर टीका लिहिणारा.

भाऊ दाजींनंतर कीलहॉर्न यांनी पाटण्याचा लेख पुन्हा वाचून छापला. जुने कागद आणि दगड जपायचे असतात, हे खानदेशात रुजवणारी एक संस्था पुढं धुळ्यात निघाली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि 1927 मध्ये तिथं त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. 1963 मध्ये शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ काढलं. त्यात पाटण्याचा लेख आला तो खालच्या मराठी ओळींच्या जोरावर. म्हणजे तेल्याच्या त्या हिशोबामुळं.